अक्काचा चौथा खंड

नागूअक्का गेल्याचं सांगायला तिच्या शेजारचे गृहस्थ चामराजपेटेहून मल्लेश्वरमला आले, तेव्हा मी दूध तापवत होते. ते उतू जाऊन शेगडी विझली, तरी मी तशीच उभी... महिना होत आला, तिचा आवाज काही कानातून जात नाही.

अक्का माझी चुलत बहीण. आमच्या माडीवर राहायची, कन्नड शाळेत शिकवायची. मराठी तेवढी घरात. पण मराठी पुस्तकांचं तिला विलक्षण वेड. मी कॉलेजात असताना आम्ही दोघी एक सात खंडांची अद्भुत कादंबरी वाचत होतो. शापित राज्य, परागंदा राजकन्या आणि तिला रथातून देशोदेशी नेणारा म्हातारा सारथी. माझा सगळा जीव त्या सारथ्यावर! तीन खंड झाले आणि माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. डॉक्टरांनी बजावलं, “रडायचं नाही. टाके उसवले तर नजर जाईल.”

अक्का शाळेतून परस्पर इस्पितळात यायची आणि चौथा खंड वाचायची. एकदा डोंगरातल्या लढाईत सारथ्याला बाण लागला आणि ती थांबली.

“अक्का, पुढे?”

“स्वल्प थांब गं, घसा कोरडा पडलाय.”

पाणी पिऊन तिने पान उलटलं. बाण खांद्याला नुसता चाटून गेला होता! पुढे रोज तो जखम बांधून रथ हाकत राहिला, राजकन्येची थट्टा करत राहिला, आणि मी पट्ट्यांआड हसत राहिले.

नजर वाचली. घरी आल्यावर हौसेने तो खंड उघडला, तर सारथी डोंगरातच मेलेला. पुढे निम्मा खंड राजकन्येचा शोक. म्हणजे ते सगळे प्रसंग अक्काने पुस्तक समोर धरून, न अडखळता, तिथल्या तिथे रचले होते! तेव्हा मात्र मी पोटभर रडले.

अक्का म्हणाली, “मग काय करायचं होतं? तुझे डोळेही वाचले, तोही वाचला. सरी? झालं ना बरोबर?”

पाचवा खंड मिळाला तो मी तिच्याच हातात दिला. “तूच वाच.”

“अगं, यात तो नाहीच आता.”

“म्हणूनच.”

अक्काने त्याला शेवटच्या खंडापर्यंत जगवलं. मूळ कथेत त्याला जागा करून देणं सोपं नव्हतं. कधी पानात बोट घालून ती बराच वेळ विचार करत बसायची...

माझ्या मुलीला ही गोष्ट मी तोंडीच सांगितली आहे. परवा तिने विचारलं, “आई, तो सारथी शेवटी मरतो का गं?”

“छे,” मी म्हटलं, “राज्याभिषेकाच्या दिवशी रथ त्यानेच हाकला.”