न घासलेलं भांडं

हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. एवढ्या वर्षांचा संसार, आमटीत मीठ जास्त पडलं तरी ताट वाढायच्या आधी सांगून मोकळी होणारी मी — आणि हे मात्र नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मिनेसोटातल्या आमच्या गावात एक लुथरन चर्च आहे. आहे म्हणजे — होतं. इमारत तीच, माणसं बदलली. रविवारी सकाळी पुढच्या बाकांवर चार पांढरी डोकी उरली होती. दुपारी तिथेच इथिओपियातून आलेल्या ओरोमो लोकांची मंडळी भरायची, आणि त्यांची गर्दी इतकी, की मुलं जिन्यात बसायची. शनिवारी तिथला वरचा हॉल आमच्या मराठी मंडळाचा. शेवटी म्हाताऱ्यांनी ठरवलं, चर्च ओरोमो लोकांनाच देऊन टाकायचं. सगळं ठरल्यातच जमा होतं.

त्या मंडळीतली चाल्तू माझ्याच वयाची. शनिवारी सकाळी ती तळघराच्या किचनमध्ये येऊन रविवारसाठी कॉफीच्या हिरव्या बिया भाजून ठेवायची — लांब दांड्याचं एक काळं भांडं होतं तिचं, तिच्या आईचं. मी पोचायचे तेव्हा ती निघायच्या बेतात असायची, पण मला एक छोटा कप दिल्याशिवाय जायची नाही. कॉफीत मीठ! तोंड वेडंवाकडं न करता ती प्यायला मला बरेच शनिवार लागले. दोघींचं इंग्रजी बेतास बात, त्यामुळे भांडण कधी झालं नाही. मला ती आवडायची — हे मुद्दाम सांगतेय. तिचा राग असता तर गोष्ट निराळी असती, नाही का?

तर त्या शनिवारी मुलांचा कार्यक्रम होता आणि दडपे पोहे माझ्याकडे होते. फोडणीची पळी घरी विसरले. त्या दिवशी मला पोचायला उशीर झाला, चाल्तू आधीच निघून गेली होती, तिचं भांडं ओट्यावर होतं. मी तेच घेतलं. आणि स्मोक डिटेक्टरला प्लास्टिकची पिशवी बांधली. तुम्ही हसाल, पण इथल्या कुठल्या मराठी घरात हे होत नाही? मिरची तडतडली की ते यंत्र कोकलायला लागतं, म्हणून आधी त्याचं तोंड बांधायचं.

तेल तापत ठेवलं आणि वरून हाक आली, "काकू, प्लीज लवकर या ना, सगळ्या मुलींच्या निऱ्या सुटतायत!" गेले. एकीच्या निऱ्या खोचल्या, दुसरीचा अंबाडा बांधला, तिसरीच्या आईशी बोलत उभी राहिले. तेल? डोक्यातच नव्हतं.

खाली आले तेव्हा भांड्यातून जाळ उठत होता. वरचं कपाट पेटलं होतं. ओले टॉवेल टाकून, झाकण मारून मी ते विझवलं कसंबसं. वर लेझीम आणि स्पीकर, कोणाला काही ऐकू गेलं नाही. खिडक्या उघडल्या. पिशवी सोडली. कपाट निम्मं कोळसा झालेलं, भिंत छतापर्यंत काळी. सगळ्यांना सांगितलं, फोडणी जरा करपली, कोणी आत येऊ नका, मीच आवरते. काकू किती करतात, असं कोणीतरी म्हणालंसुद्धा. पोह्यांना फोडणी नव्हती, तेही कोणाच्या लक्षात आलं नाही.

इथवर चूकच होती. चूक कोणाकडूनही होते.

पण मग मी किचन आवरलं — ओटा पुसला, माझे डबे, माझी मोहरी, माझा हिंग पिशवीत भरला — आणि ते भांडं घासलं नाही. सिंकमध्ये एक चमचा खरकटा राहिला तर मला झोप लागत नाही. ते जळकं भांडं मात्र मी शेगडीवर परत ठेवलं, दांडा भिंतीकडे, जसा ती ठेवायची तसा. नकळत झालं असं म्हणू? नाही. मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी चर्चचे म्हातारे अध्यक्ष, रॉजर, यांचा फोन आला. तुम्ही आलात तेव्हा किचन कसं होतं? मी म्हणाले, "असंच होतं. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

किती सहज निघालं तोंडातून! आजही माझं मलाच आश्चर्य वाटतं, आणि किळसही.

किचनला कुलूप लागलं. चर्च द्यायचं लांबणीवर पडलं — हे लोक इमारत जाळतील, असं म्हणे म्हाताऱ्यांच्या मीटिंगमध्ये कोणी उघड बोललं. पुढचा हिवाळा ओरोमो मंडळीनं उपऱ्यासारखा काढला. करपलेल्या फोडणीशी मंडळातल्या कोणीही त्याचा संबंध जोडला नाही, आणि मी जोडू दिला नाही. मंडळाला हॉल मिळत राहिला, आम्ही दिवाळीसुद्धा तिथेच केली.

आणि चाल्तू? तिनं एका शब्दानं नाकारलं नाही. मला वाटलं होतं ती भांडेल, ओरडेल, मग बघू. पण तिला स्वतःलाच वाटलं की गॅस आपल्याकडूनच चालू राहिला. भांडं तिचं, जागा तिची, आणखी कोण? तिची मुलगी मला दुकानात भेटली तेव्हा रडली — आई दहादा शेगडी बघते, घराबाहेर पडली की परत येते, स्वतःवर विश्वासच उरला नाही तिचा. डॉक्टरही झाले. मुलीनं शेगडीची बटणं काढून ठेवली होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. होतं गं वयानं, म्हणाले.

शेवटी चर्च त्यांना मिळालं. त्या समारंभाला आम्हालाही बोलावलं होतं. मी गेले, पिवळी साडी नेसून. चाल्तू भिंतीजवळ खुर्चीवर बसली होती, मुलीच्या वयाच्या बायका कॉफी करत होत्या आणि तिला कोणी कशालाच हात लावू देत नव्हतं. मला बघून उठली. माझे दोन्ही हात धरले, आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली — माझ्यामुळे तुमचंही किचन बंद झालं, सॉरी.

मी तिचा हात थोपटला. म्हणाले, "इट्स ओके, चाल्तू. मी कधीच माफ केलंय तुला."