ताईचा फोटो आणि कडू घास

पोरी, जरा जवळ सरक. अशी नाही, मोबाइलच्या जवळ. व्हिडिओ कॉलला खिडकी पाठीशी घेऊन बसतेस आणि वर विचारतेस, काकू, मी दिसत कशी नाही. दिसशील कशी? उजेड पाठीवर नाही घ्यायचा, गालावर घ्यायचा, एकीकडून, भाकर निखाऱ्याला लावतो तसा. आमच्याच खालच्या मजल्यावर वाढलीस, पुण्याला जाऊन एवढं शिकलीस, आणि हे तुला कोणी सांगितलं नाही?

तसं मलाही कोणी सांगितलं नव्हतं. राजापेठेतल्या या घरात माझी स्वयंपाकखोली पूर्वेला, आणि समोरचा प्लॉट रिकामा. सकाळचं ऊन ओट्याजवळच्या खिडकीतून थेट आत. एकदा आमच्या ह्यांचं जुनं धोतर त्या खिडकीत वाळत घातलं, आणि त्यातून गाळून आलेला उजेड असा मऊ पडला की टोपलीतली वांगीसुद्धा देखणी दिसायला लागली. तेव्हापासून धोतर तिथेच आहे. ह्यांनी मागितलं होतं, दिलं नाही.

मग मुलाने मोबाइलमध्ये एक अॅप टाकून दिलं. त्यात एका फोटोवर दुसरा फोटो पातळ करून अंथरता येतो, अंगावर ओढणी घ्यावी तसा. ओव्हरले म्हणतात त्याला. गोणपाटाचा फोटो फुलावर अंथरला की फूल गोणपाटावर छापल्यासारखं दिसतं. मला वेडच लागलं. सूप, खाटेची नवार, भिंतीचा पोपडा, भेगाळलेलं वावर, काही सोडलं नाही. एकदा भाकरीचा फोटो ह्यांच्या चेहऱ्यावर अंथरला. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मले देवी कधी आल्या होत्या वं?"

आता ताईचं ऐक. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, अकोल्याला जठारपेठेत राहते. जन्मात तिचा एक फोटो धड नाही. स्वतःच्या लग्नात डोळे मिटलेले, पोराच्या लग्नात कोणाच्या तरी खांद्याआड. अशा ताईचा तिच्या भजनी मंडळाने सत्कार ठरवला, इतकी वर्षं पेटी वाजवली म्हणून. चौकात फ्लेक्स लागणार, आणि त्यावर ताई एकटी. तिचा फोन आला. "फोटो तूच काढ. पण चांगला काढजो. सगळी जठारपेठ पाहीन."

ती हिरवी साडी घेऊन आली. मी तिला धोतराच्या उजेडात बसवलं आणि फोटो काढला. ताईने मोबाइल हातात घेतला. बोटांनी मोठा करून करून पाहत राहिली. "मी अशी दिसतो वं?" एवढंच म्हणाली, आणि संध्याकाळच्या गाडीने अकोल्याला गेली.

फोटो तसाच पाठवला असता तर मला आज सांगायला काही नसतं. पण माझ्याजवळ एवढे पोत जमवलेले. मी जुन्या पिवळ्या कागदाचा थर दिला. साडी भडक वाटली, म्हणून रंग उतरवून सगळं काळंपांढरं केलं. खाली जागा मोकळी वाटली, तिथे झेंडूच्या पाकळ्या अंथरल्या. एका कोपऱ्यात अंधार वाटला, तिथे देवघरातल्या समईची ज्योत आणली. सकाळी खानदानाच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'आमची ताई', आणि आंघोळीला गेले.

येऊन पाहते तर भावपूर्ण श्रद्धांजली. एकाखाली एक. परतवाड्याच्या चुलतभावाने लिहिलं होतं, माऊली गेली. एका भाच्याने विचारलं होतं, कितीला नेणार. मी ताई जिवंत आहे असं लिहायला घेतलं, तर ओल्या बोटांना मोबाइल दाद देईना. आमचे हे मागून डोकावले. "फोटो जमला तुले. हार तेवढा राहिला."

तिकडे अकोल्यात वेगळंच. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून सोयऱ्यांनी पिठलं-भाकर न्यायची असते, त्याला आमच्याकडे कडू घास म्हणतात. तो नेतात सगळं आटोपल्यावर. पण ताईच्या विहिणीला कामं आधीच उरकायची सवय. ती तिथेच दोन गल्ल्या सोडून राहते. डबा घेऊन, डोळ्याला पदर लावून दारात उभी. दार ताईने उघडलं. विहीण पायरीवर मटकन बसली.

"कोण गेलं वं, विहीणबाई?" ताईने विचारलं.

"तुमीच."

ताईने तिला पाणी दिलं. डबा उघडून पाहिला. "आणलंच आहे तं वाया कायले घालवता," म्हणाली, आणि दोघी जेवायला बसल्या. मग मला फोन. "माया फोटो चौकात नाही लागत आता. मंडळाले सांगून टाकलं मी. लोक फ्लेक्सले हार घालतीन." फोन ठेवला तो ठेवलाच. नंतर उचलेना.

मूळ फोटोवरच मी सगळे थर सेव्ह केले होते, ताई काही परत हिरवी होईना. दुसऱ्या दिवशी एसटीने अकोला गाठलं. भाऊजींनी दार उघडलं. "या. तेरवीले आल्या का?"

ताई भिंतीकडे तोंड करून बसलेली. शेजारी मोठी इमारत झाल्यापासून तिच्या घरात ऊन येत नाही. येतं ते मागे, भांडी घासायच्या जागेत, तेही थोडा वेळ. मला पाहताच ती उठून भांडी घासायला गेली. मी चकचकीत परात उचलून भाऊजींच्या हातात दिली आणि त्यांना उन्हात उभं केलं. परातीचा कवडसा आधी मांजरीवर पडला, मग शेजारणीच्या खिडकीत, मग ताईच्या तोंडावर.

"डोयात नोका मारू," ताई म्हणाली. म्हणजे बोलली तर.

मी हळूच विचारलं, "ताई, पिठलं कसं होतं वं?"

तिने ओठ दाबून धरले. मग म्हणाली, "मीठच नोतं त्यात. माया मरणाचं पिठलं, अन् तेही अळणी." आणि हसली, पेटीवर हसते तशी, मान एकीकडे टाकून. तोच फोटो काढला. हातात घासणी होती, राहू दिली. वर काहीही अंथरलं नाही.

तिने फोटो पाहिला आणि भाऊजींना म्हणाली, "मंडळाले फोन लावा."

फ्लेक्स लागला. फ्लेक्सवाल्याने ताईला गोरी केली, मागे सोनेरी किरणं सोडली, घासणी खोडून हातात कमळ दिलं. मी डोक्याला हात लावला. ताई चौकात उभी राहून मन भरून पाहत होती. "याले म्हणतात फोटो. तू याच्याजवळ शिकून घे." विहिणीने हार आणला होता. घालू का म्हणून विचारून, ताईच्या गळ्यातच घातला.

पण काल ताईचा फोन आला. म्हणते, फ्लेक्सवरची बाई लोकांसाठी झाली, धोतराच्या उजेडातली मी होतो, ती मले परत पाहिजे. हिरवी साडी घेऊन येतेच आहे. आणि इकडे समोरच्या प्लॉटवर विटा येऊन पडल्या आहेत. इमारत वर चढली की माझ्या खिडकीतलं ऊन गेलं. म्हणून तुला म्हणते पोरी, सुट्टी काढ आणि ताई असेल तेव्हाच ये. परात धरायला आम्हाला भरवशाचं माणूस पाहिजे, भाऊजींचा हात हलतो. अन् तुझाही एक काढू, गालावर उजेड घेऊन. लवकर येजो.