चार काचा, एक हँडल

कुडव्याच्या त्या गॅरेजवाल्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलं नाही. कोणी काही सांगितलं की तो आधी "कायले?", म्हणजे कशाला, असं विचारतो आणि उत्तर न ऐकताच कामाला लागतो.

गाडीच्या दाराची काच फिरवायचं हँडल सैल झालं की आमच्याकडे कोणी बदलत नाही. सैल हँडलं काढून टाकतात आणि धड असलेल्या एकानंच चारही काचा फिरवतात. मीही तेच करत होतो.

"बाकीची राहू द्या, एक पुरतं," मी म्हणालो.

त्या दिवशी त्यानं "कायले?" विचारलं नाही. मला मागच्या सीटवर बसवलं, काचा चढवल्या, हँडल खिशात घातलं आणि बाहेरून दाराला पाठ लावून उभा राहिला. पलीकडच्या दाराला लागून भिंत होती, पुढच्या सीटवर टायर रचलेले होते. मेची दुपार होती. मी काच ठोकली, ओरडलो. त्यानं मान वळवली नाही.

शेवटी तो बाजूला झाला.

"पाण्यात दार असंच दबून राहते, भाऊ. नवेगावच्या तलावातून जीप काढली, तवा हँडल डायवरच्या खिशात होतं. मागं बाया बसल्या होत्या."

तो खाली बसून मागच्या दाराला हँडल लावून स्क्रू कसू लागला.

"एक पुरते, असं मीच म्हनलो होतो त्याले."