टेम्पररी नंबरची व्हॅन

व्हॅनच्या पुढे-मागे पिवळा कागद चिकटवलेला होता आणि त्यावर लाल आकड्यांत टेम्पररी नंबर. कुडाळच्या शोरूममध्ये तो मिळाला तेव्हा बाबांची छाती फुगली. आयुष्य होडीवर गेलं, दम्याने समुद्र सुटला, म्हणून कोकण रेल्वेने येणाऱ्या पाहुण्यांची ने-आण करायला ही गाडी घेतलेली. चालवणार माझा धाकटा भाऊ. पर्मनंट नंबरासाठी ओरोसला आरटीओत जायचं होतं. तोवर गाडीचे कागद बाबांनी देव्हाऱ्यात ठेवले. आधी देवाच्या पायाशी, मग साहेबाच्या टेबलावर. "कागद गाडीत असूक होये," मी म्हटलं, तर मलाच गप्प बसवलं. हट्टी माणूस!

त्यातच ग्रामदेवाने गावपळणीचा कौल दिला. आमच्याकडे ही रीत आहे. काही वर्षांनी देव सांगतो आणि अख्खा गाव घरं बंद करून वेशीबाहेर राहायला जातो, गुराढोरांसकट. परतीचा कौल मिळेपर्यंत आत कुणी पाऊल टाकायचं नाही. आम्ही वेशीपलीकडे झावळ्यांची खोप बांधली. मांजरापासून पाट्या-वरवंट्यापर्यंत सगळं नेलं. कागद तेवढे देव्हाऱ्यात राहिले.

एका सकाळी बाबांच्या छातीत कळ आली. तालुक्याहून आलेले डॉक्टर म्हणाले, ताबडतोब गोव्याला हलवा. भाऊ कागद आणायला निघाला, तोच बाबांनी त्याचा हात पकडला.

"आत जाव नको रे. माका काय होवचा नाय, पण गावाक दोष लागाक नको."

घामाने निथळत होते, तरी हुकूम करायची सवय सुटली नव्हती. भाऊ परत फिरून गाडीत बसला. मला देवाचा राग आला. तो अजून गेलेला नाही.

गोव्याच्या हद्दीआधी, इन्सुलीच्या नाक्यावर शिपायाने पिवळा कागद बघून गाडी बाजूला घ्यायला लावली. नवी कोरी गाडी, टेम्पररी नंबर, कागद नाहीत. चोरीची नाही कशावरून?

"साहेब, कागद घरी आहेत. गावपळण आहे, घरी जाता येत नाही," भाऊ हात जोडून म्हणाला.

शिपाई घाटावरचा, त्याला ही रीत कुठली ठाऊक. "स्वतःच्या घरात जाता येत नाही?" म्हणून तो हसला आणि चावी काढून साहेबाला विचारायला गेला. आत पेशंट आहे म्हणून मी ओरडत राहिले. मेल्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

बाबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्यांनी डोळे उघडले. "खंय पावलाव गो?"

"गोव्यात इलाव, बाबा," मी म्हटलं.

साहेब स्वतः आले, आत डोकावले आणि लगेच "जाऊ द्या, जाऊ द्या" म्हणाले. शिपायाने चावी दिली. भावाने गाडी सुरू केली तेव्हा बाबांचा हात माझ्या हातात गार पडला होता. मी त्याला गाडी वळवायला सांगितलं.

परतलो तर गाव अजून बंदच. बाबांना वेशीबाहेर, खोपीसमोर उतरवलं. अख्खा गाव तिथेच होता, त्यामुळे माणसांची कमी नव्हती. खोपीत मागे राहिलेली आई एवढंच म्हणाली, "तोंडात घालूक आमच्या दारातली तुळस हाडा रे कोणीतरी." कुणी जागचं हललं नाही. शेवटी शेजारच्या गावातून कुणाच्या तरी अंगणातलं तुळशीचं पान आणलं, आणि आईने ते बाबांच्या तोंडात ठेवलं. आमचं अंगण आम्ही बसलो होतो तिथून दिसत होतं.