सरकीची पोती आणि दुसरी टेकडी

रोलर कोस्टरच्या गाडीला इंजिन नसतं, असं मी सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने पाहतात. साखळी गाडीला पहिल्या टेकडीच्या माथ्यावर ओढून नेते आणि सोडून देते. पुढचं गाडीने आपलं पाहून घ्यायचं. मिळाली तेवढी उंची हीच तिची शिदोरी. त्यातली थोडी चाकं खातात, थोडी वारा खातो. म्हणून दुसरी टेकडी पहिलीपेक्षा ठेंगणी ठेवतात आणि तिसरी तिच्याहून. एवढं ज्याला कळलं त्याला कोस्टर कळला. बाकी सगळे नटबोल्ट.

कोस्टरच्या नादी लागण्याआधी मी हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये यंत्रं सांभाळत होतो. हंगामात तिथे कापसातून सरकी वेगळी होत असे, आणि हंगाम सरला की आम्ही बेअरिंगं उघडून बसत असू. समुद्रपूरच्या रस्त्याला मनोरंजनाचं पार्क काढणाऱ्या शेठजींची सरकीच्या तेलाची मिल आमच्या जिनिंगच्या शेजारीच होती. एके दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"झुले-पाळणे तं गिरडच्या यात्रेतही भेटते," ते म्हणाले. "मले असं काई पायजे का नागपूरचा माणूस इकडं येऊन रांगेत उभा राह्यला पायजे."

ते 'असं काई' त्यांनी दक्षिणेतल्या एका बंद पडलेल्या पार्कातून विकतही घेतलं होतं, फक्त फोटो पाहून. पूर्वी लग्नं अशी जुळत. मला बोलायला जागा नव्हती. ट्रकांमागून ट्रक आले आणि पडीत वावरात वाकड्या नळ्यांचा ढीग लागला. कुणीतरी अजस्र जनावर खाऊन त्याच्या फासळ्या टाकून गेलं असावं, असं ते दृश्य होतं. त्या ढिगाभोवती मी पहिल्या संध्याकाळी फिरलो तेव्हा मला जेवणाची शुद्ध नव्हती. घरी आल्यावर बायको म्हणाली, "लॉटरी लागली काय?" मी म्हटलं, तसंच काहीसं.

मग मी मिळेल ते वाचून काढलं. फार पूर्वी रशियात थंडीच्या दिवसांत लाकडी उतारावर बर्फ गोठवून लोक त्यावरून घसरत, असं एका ठिकाणी सापडलं. अंगाची थरथर आधीच होत असताना माणसाला आणखी थरथर हवीशी वाटावी, हे वाचून मानवजातीबद्दलचं माझं मत जरा सुधारलं.

जिनिंगमधलेच वेल्डर आणि फिटर घेऊन आम्ही तो सांगाडा उभा केला. प्रत्येक बोल्ट ठरलेल्या जोराने आवळायचा आणि मग नट आणि पत्रा दोन्हींवरून पांढऱ्या रंगाची एकच सरळ रेघ ओढायची. रोज सकाळी रुळाच्या कडेकडेने वर चढत जायचं आणि रेघा पाहायच्या. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. भांगातलं कुंकू सरकलं का पाहावं तसं मी त्या रेघांकडे पाहत असे. सूर्य उगवत असायचा, खाली तुरीची शेतं पिवळी झालेली असायची, आणि माथ्यावर पोचलो की मला वाटायचं, या जिल्ह्यात आत्ता माझ्याइतका सुखी माणूस नाही.

गाडी चालवायला अल्लीपूरची एक बाई आली. आयटीआय झालेली, दोन पोरांची आई, आवाज खणखणीत. फलाटावरच्या छोट्या केबिनमध्ये तिच्यासमोर हिरवं बटण होतं. प्रत्येकाच्या मांडीवर लोखंडी दांडा आवळून बसल्याशिवाय ती ते दाबत नसे. गिऱ्हाईक यायच्या आधी ती रिकाम्या बाकांनाही सूचना देऊन पाहायची. "चपला काढा. मोबाइल ठेवा. पदर खोचा." मी म्हणायचो, बाई, आत कुणी नाही. ती म्हणायची, "सर, जिभेले सवय पायजे."

गाडी सहा डब्यांची, एका डब्यात दोघं. सरकारी तपासनीस आले, त्यांनी सगळे डबे वजनाने भरून चालवून पाहिली आणि पसंत केली. वजनासाठी आम्ही शेठजींच्या मिलमधून सरकीची पोती आणली होती. पोत्यांसारखा प्रवासी नाही. ओरडत नाही, हात बाहेर काढत नाही, पैसे परत मागत नाही. भरलेली गाडी दुसरी टेकडी अशी ओलांडायची की पाहणाऱ्याच्या तोंडून आपोआप आवाज निघावा. माझ्या तर निघायचाच.

अडचण वेगळीच होती. ही गाडी समुद्रकाठच्या उबदार हवेत वाढलेली. आमच्याकडच्या पौषातल्या सकाळी तिच्या बेअरिंगमधलं ग्रीस आळायचं आणि चाकांवरचं आवरण आखडायचं. त्यात ती रिकामी असली की जोर पुरायचा नाही. दुसऱ्या टेकडीच्या माथ्याजवळ येऊन ती थबकायची, विचार बदलल्यासारखी मागे यायची, आणि दोन टेकड्यांच्या मधल्या खळग्यात पाळण्यासारखी मागेपुढे झुलून गप्प उभी राहायची. धोका काही नाही. पण तिला बाहेर काढायला साखळ्या, कप्प्या आणि अर्धा दिवस लागायचा. असं दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा शेठजी नेमके खाली उभे होते.

दुसऱ्या वेळी ते शांतपणे म्हणाले, "उद्घाटनाले अटकली ना, तं दुसऱ्या दिवशी भंगारवाला येईन. मी लोकाईले हसाले जागा ठेवत नसतो."

शेठजी बोलले ते करतात, हे सगळ्या हिंगणघाटला ठाऊक होतं. मी आणि ऑपरेटर बाईने ठरवून टाकलं. उद्घाटनाच्या पहाटेपासून पोती बसवून गाडी फिरवत राहायची, चाकं गरम ठेवायची, आणि पाहुणे आले की पोती उतरवून भरगच्च माणसं बसवायची. प्रमुख पाहुणे पुढच्या डब्यात, मागचे सगळे डबे त्यांच्याबरोबर आलेल्यांना. यात चुकण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं होतं. मी यंत्रांचा हिशेब केला होता, मानाचा नाही.

पहाटे गाडी दोन-चार फेऱ्या फिरली असेल, तेवढ्यात शेठजींनी ती थांबवली. पूजा होती. डब्यांना झेंडूच्या माळा, पुढच्या डब्यावर ऊस, आणि गुरुजींच्या मते मुहूर्त साधेपर्यंत वाहन हलता कामा नये. झेंडूची एक माळ चाकाला टेकत होती, ती ऑपरेटर बाईने पूजा चालू असतानाच गुपचूप काढली. मुहूर्त साधला, पाहुणे काही साधले नाहीत. पूजेनंतरची पहिली फेरी त्यांचीच, म्हणून गाडी उभीच राहिली. उत्तरेचा वारा सुटला होता. मी वाकून चाकाला हात लावला. ते पुन्हा थंडगार झालं होतं.

पाहुणे आले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं, वारा मात्र होता तसाच होता. बँड वाजला, फेटा बांधला गेला, हारांवर हार चढले. फलाटावर आल्यावर ऑपरेटर बाई म्हणाली, "साहेब, फेटा काढा लागते. हारही."

पाहुण्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग वर रुळाकडे पाहिलं, आणि निमूटपणे फेटा आणि हार काढून दिले. डोक्यावरचे केस मोजकेच होते, त्यामुळे त्यांचा चेहरा एकदम आपल्यातला वाटायला लागला.

ते पुढच्या डब्यात बसले. आणि बाकी कुणीच बसलं नाही.

मी एकाला म्हटलं, बसा. तो हात जोडून म्हणाला, "साहेबाच्या बराबरीनं कसे बसाव?" मी म्हटलं, मागे बसा. "मांगं बसलो तं व्हिडिओ कोण काढन?" बाकीचे तोवर जिना उतरून खाली गेलेही होते. ज्याला त्याला कुंपणापाशी, साहेब आणि आपण दोघंही फोटोत येऊ अशी जागा हवी होती. काहींची नजर पहिल्या टेकडीवर खिळली होती. त्यांच्या आदराला तिथूनही बळ मिळत असावं. आमच्याकडे पाहुण्याच्या मानाची रीतच अशी आहे की त्याच्या आजूबाजूची जागा मोकळी ठेवायची. पंगतीत ती शोभते. इथे त्या मोकळ्या जागेचा अर्थ एवढाच होता की गाडीत एक माणूस, समोर थंड वारा, आणि पाहुणे हार काढलेल्या गळ्यानिशी खळग्यात झुलत बसणार.

मी शेठजींना बाजूला घेतलं. "रिकामी सोडली तर अडकेल. मागे पोती ठेवू."

"पाव्हण्याच्या मांगं पोते?" शेठजींचा चेहरा पडला. "उद्या फोटो छापून येईन. शोभते का? सोडा तशीच."

"तशी मी सोडणार नाही."

"मंग भंगारवाल्याले फोन लावू का आत्ताच?"

ऑपरेटर बाईने केबिनमधून हे ऐकलं. तिने हिरव्या बटणावर हात ठेवला नाही; दोन्ही हात पदराखाली घेऊन उभी राहिली. शेठजी तिच्याकडे पाहत होते आणि ती वाऱ्याकडे. पाहुणे पुढच्या डब्यात बसून उगाचच हात हलवत होते.

आयुष्यात पहिल्यांदाच मी माणसांकडे केवळ वजन म्हणून पाहत चौफेर नजर फिरवली. पुढाऱ्यांना हे रोज करावं लागतं, म्हणून ते थकत असावेत. बँडवाले फाटकाशी होते, लांब. पण फलाटाच्या मागेच, कनातीआड, पंगतीचा स्वयंपाक चालला होता. चुलींवर वांगे-आलूच्या भाजीची भांडी होती आणि पोळ्या लाटणाऱ्या बाया पाटावर बसल्या होत्या. ऑपरेटर बाईची नजर माझ्याच नजरेमागून तिथे पोचली.

"मामी," तिने हाक मारली. तिची अल्लीपूरची मामीच त्या बायांची म्होरकी होती. "मामी, सगळ्याजणी इकडं या. गाडीत बसाचं हाये."

मामी पिठाचे हात झटकत आली. "काऊन व? गंमत करून राह्यली का?"

"गंमत नाई. वजन पायजे."

"वजन?" मामीने मागे वळून सांगितलं, "या व बायाहो. जन्मभर खाल्लेलं आज कामी येऊन राह्यलं."

"भाजी लागन ना," एकजण म्हणाली.

"लागू दे. भाजी काय, रोजच करतो."

एक म्हातारी मात्र अडून बसली. "मी नाई बाप्पा. मरन तं घरी मरन."

"तू बस व खालीच," मामी म्हणाली. "भाजीले पाय. आमी नाई आलो तं आमच्या सुनाईले सांगजो का सासू उडाली."

त्या जिना चढून आल्या, हसत, एकमेकींना ढकलत, पिठाळ हात लुगड्याला पुसत. शेठजींनी तोंड उघडलं होतं. पण पाहुण्यांनीच मागे वळून पाहिलं आणि इतक्या मनापासून म्हणाले, "या, या, बसा ना, बसा," की शेठजींनी ते मिटलं. पहिल्या टेकडीकडे एकट्याने पाहण्याचा त्यांना कंटाळा आला असावा. त्यांच्या शेजारची जागा मामीने घेतली. "सरका जरासे, भाऊ," ती म्हणाली, आणि भाऊ सरकले.

"चपला काढा. मोबाइल ठेवा. पदर खोचा," ऑपरेटर बाईने हुकूम सोडला. मी एकेक दांडा खाली ओढून हलवून पाहिला. ती स्वतः येऊन एकेक पदर पाहून गेली. मग केबिनमध्ये जाऊन तिने हिरवं बटण दाबलं.

साखळीने गाडी धरली. खटखट, खटखट, गाडीला मागे घसरू न देणारा लोखंडी दात रुळावरच्या एकेका खाचेत पडत होता, आणि तो आवाज माझ्या छातीतून येतोय असं मला वाटत होतं. माथ्यावर गाडी क्षणभर थांबल्यासारखी झाली. मग पुढचा डबा खाली वळला आणि डब्यांची सगळी माळ त्याच्यामागे ओतली गेली.

पुढचा आवाज मी विसरणार नाही. बाया ओरडत नव्हत्या, हसत होत्या, एका सुरात, आणि त्या हसण्यावर पाहुण्यांची बारीक किंकाळी तरंगत होती. खळगा आला, गेला. गाडी दुसरी टेकडी चढू लागली. मी चाकांकडे पाहत होतो. ती मंदावली. आणखी मंदावली. मी कठडा इतका घट्ट धरला की नंतर बोटांवर रंगाची खपली निघाली. माथ्यावर पुढचा डबा पोचला आणि चालत्या माणसाच्या वेगाने, अगदी सावकाश, आपण गावात शिरतोय अशा थाटात पलीकडे झुकला. मग दुसरा. मग तिसरा. आणि मग मागच्या सगळ्या बाया एकदम पलीकडच्या उतारावर दिसेनाशा झाल्या, फक्त हसणं वर राहिलं.

मी काय ओरडलो मला माहीत नाही. ऑपरेटर बाई नंतर म्हणाली की ते छापण्यासारखं नव्हतं.

गाडी फलाटावर येऊन थांबली. पाहुण्यांचे केस उभे होते आणि चेहरा दहा वर्षांच्या पोराचा झाला होता. दांडा उघडला तरी ते उठेनात. मामीने विचारलं, "भाऊ, बरं हाये ना?" ते म्हणाले, "पुन्हा एकदा होईन का?"

पुन्हा एकदा झालं, आणि आता जागा पुरेना. ज्यांना साहेबांच्या बरोबरीने बसणं शोभत नव्हतं ते सगळे जिन्यावर रांग लावून उभे होते. भाषणं लांबणीवर पडत पडत शेवटी राहूनच गेली. या जिल्ह्यात एवढा मोठा फायदा मी कुठल्याच यंत्राचा पाहिलेला नाही. भाजी बुडाला लागली होती. शेठजींनी ती दोनदा घेतली आणि भंगारवाल्याचं नाव काढलं नाही. जाताना रांगेकडे पाहत एवढंच म्हणाले, "सकाळची पयली गाडी रिकामी सोडू नका बरं."

म्हणून थंडीच्या दिवसांत आजही फाटक उघडायच्या आधी पहिल्या फेऱ्या सरकीच्या पोत्यांच्या असतात. मी रेघा पाहून खाली उतरतो तेव्हा ती दोन-दोन करून डब्यांत बसलेली असतात, सगळ्यांच्या पोटावर दांडे आवळलेले. पुढच्या डब्यात एका पोत्यावर कुणीतरी कोळशाने नाक-डोळे काढले आहेत. केबिनमधून ऑपरेटर बाईचा खणखणीत आवाज येतो, "चपला काढा. मोबाइल ठेवा. मामी, पदर खोचा." आणि साखळी गाडीला धरते.