हिप्परग्याच्या गाळात

सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी गाडी चालवणं सोडलं. तेव्हापासून रविवारी सकाळी त्यांना हिप्परग्याच्या तलावावर न्यायचं काम माझ्याकडे आलं. नवरा एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, त्याला रविवारीही पाळी असायची. जुळे सोलापुरातून आम्ही साडेपाचला निघायचो. मामा, म्हणजे माझे सासरे, गळाची काठी उभी धरून स्कूटीवर मागे बसायचे. अख्ख्या वाटेत आमच्यात चार वाक्यंही व्हायची नाहीत. लग्नाला तीन वर्षं झाली होती, तरी त्यांच्याशी काय बोलावं ते मला कळत नव्हतं. त्यांनाही माझ्याशी बोलायचं सुचत नसावं.

मासे धरायला ते करकंबला, त्यांच्या गावी, लहानपणीच शिकलेले. पाण्यापाशी गेले की मात्र थोडं बोलायचे. एप्रिलच्या सुरुवातीला मासे काठाशी वर येऊन तोंडं उघडत होते, तेव्हा म्हणाले होते, "पाणी तापाय लागलंय. त्यास्नी दम लागतोय. ऊन चढलं की खोल जातील. आठाच्या आत काय ते."

त्या रविवारी आम्ही पोहोचलो तर पाणी आठवड्यात चाळीस-पन्नास पावलं मागे गेलेलं. आधी कोरडी, भेगाळलेली जमीन होती. तिच्यापुढे पाण्यापर्यंत काळसर, गुळगुळीत पट्टा. शेजारच्या शेतकऱ्याने मोटार पाण्यात पुढे सरकवली होती आणि तिचा जाड काळा पाइप त्या पट्ट्यावरून काठाकडे आला होता. मी नेहमीप्रमाणे सोलापुरी चादर अंथरून बसले. मामा भेगाळलेल्या जमिनीच्या टोकाला उभे राहिले आणि तिथून त्यांनी गळ लांब टाकला.

अर्ध्या तासाने गळाचा दोरा, तंगूस, ताणला गेला. "मरळ हाय," ते म्हणाले. काठी वाकली, मग एकदम अडकली. गळ पाण्यातल्या बाभळीच्या खुंटात गुंतला असावा. मामांनी दोनदा ओढून बघितलं आणि तो सोडवायला पुढे निघाले.

तो काळा पट्टा मला दिसत होता. वर नुसती साय धरलेली होती, खाली ओल होती, हे मला बसल्या जागेवरून कळत होतं. पण मी त्यांना हटकलं नाही. पन्नास वर्षं मासे धरणाऱ्या माणसाला मी काय सांगणार?

तिसऱ्या पावलाला ते गुडघ्यापर्यंत गेले. चौथ्याला मांडीपर्यंत. पाय उपसायला त्यांनी जोर केला आणि कमरेपर्यंत रुतले. काठी हातातून सुटून आडवी पडली.

मी धावले. दुसऱ्याच पावलाला माझा पाय घोट्याच्या वर आत गेला.

"तू येऊ नगंस. माघारी जा," मामा म्हणाले. आवाज शांत होता, पण चेहरा पांढरा पडला होता.

मी पाय ओढून काढला, चप्पल आतच राहिली. नवऱ्याला फोन लावला. रिंग वाजत राहिली. मागांच्या खडखडाटात त्याला ऐकू जात नाही, हे मला माहीत होतं, तरी तीनदा लावला. आजूबाजूला कुणी नव्हतं. लांब बांधावर दोन माणसं ठिपक्यांएवढी दिसत होती. मी हाका मारल्या, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. तेवढ्यात मामा पुन्हा धडपडले आणि आणखी चार बोटं खाली गेले.

"हलू नका," मी ओरडले. "मामा, अजिबात हलू नका."

त्यांच्यावर मी पहिल्यांदाच आवाज चढवला होता. ते थांबले.

पाइप त्यांच्यापासून तीन-चार हातांवर होता. मी चादर खांद्यावर टाकली, पाइपावर पोटावर आडवी झाले आणि सरपटत पुढे गेले. पाइप माझ्या वजनाने गाळात दबत होता, पण पुरता खाली जात नव्हता. त्यांच्या समोर आल्यावर चादरीचं टोक फेकलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी ते पकडलं आणि मनगटाला वेढा घातला.

"पाइपावर कोण हाय?" मागून बाईचा आवाज आला.

उसाच्या शेतातून एक बाई येत होती, माझ्या आईच्या वयाची. तिने एका नजरेत सगळं पाहिलं. "आगं, लाइट यायचा टाइम झालाय. मोटार आटूवर हाय, लाइट आली की आपसूक सुरू हुती. बंद करून येते, तवर घट धर," म्हणाली आणि पळत सुटली.

ती स्टार्टरच्या पेटीपर्यंत पोहोचायच्या आत लाइट आली. पाण्यात मोटार घुमली आणि पाइपाने असा हिसका दिला की मी एका बाजूला कलंडले. हात कोपरापर्यंत गाळात गेला. चादर दाताने धरली. मामा माझ्याकडे बघत राहिले. मग मोटार थांबली.

बाई आली ती डोक्यावर मोटारीच्या शेडचा पत्रा घेऊन. पत्रा तिने गाळावर सरकवला आणि त्यावर गुडघे टेकले. "आजोबा, पाठीवर पडा, निजल्यावानी. पाय ओढू नगा. नुसता हलवत ऱ्हावा, पाणी आत जाऊ द्या."

मामा मागे रेलले. एक पाय सुटायला किती वेळ लागला, सांगता येणार नाही. ऊन चढलं होतं. दुसरा पाय सुटला तसं आम्ही दोघींनी त्यांना चादरीसकट पत्र्यावर ओढलं आणि काठावर आणलं.

बाईने मोटार सुरू करून पाइपाच्या पाण्याने त्यांना धुतलं. "गेल्या साली आमची म्हस हितंच रुतली हुती. ट्रॅक्टरनं काडली," ती म्हणाली. मग चहा टाकायला गेली.

मामा काठावर बसले. त्यांनी विचारलं, "तुला दिसला न्हवता का गाळ?"

"दिसला होता."

"मग?"

"तुम्हाला कसं सांगायचं, म्हणून गप्प बसले."

मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी चांगला डोळा हाताने झाकून तळ्याकडे पाहिलं. "मला त्या डोळ्यानं समदं सपाटच दिसतंय," ते म्हणाले. "गाळ काय, पाणी काय. आप्रेशन झाल्यापास्नं तसंच हाय. म्या बी कुणाला बोललो न्हाय. त्यापायी पोरानं लई पळापळ केली हुती की."

घरी गेल्यावर सासूबाईंनी कपडे पाहिले आणि मी सगळं सांगून टाकलं, डोळ्याचंही. मामांनी मला अडवलं नाही. मंगळवारी रजा काढून मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. "बरं दिसतंय की," मामा डॉक्टरांना म्हणाले. मी म्हटलं, "नाही, मामा. काय होतं ते खरं सांगा." मग त्यांनी सांगितलं. डोळ्याच्या पडद्याला सूज होती. उशीर झालाय, पण फार नाही, असं डॉक्टर म्हणाले. इंजेक्शनं सुरू झाली.

मे महिन्यापर्यंत आम्ही तळ्यावर गेलो नाही. गेलो तेव्हा बाईंना नवी चादर दिली आणि दगडी बांधावर बसलो. पाणी आणखी मागे गेलं होतं. नऊ वाजेपर्यंत एकही मासा लागला नाही, आणि मामा मला गळाला कणीक कशी लावायची ते दाखवत होते.