धाकट्याचा आवाज

घरात माणसं दोनच, ताई आणि तिचा धाकटा भाऊ. घशाच्या ऑपरेशनमध्ये धाकट्याचा आवाज गेला. तेव्हापासून तो कॉम्प्युटरवर टाइप करायचा आणि लिनक्स प्रणालीवरचा एक जुना प्रोग्रॅम ते बोलून दाखवायचा. आवाज त्याचाच, ऑपरेशनआधी रेकॉर्ड करून ठेवलेला. आता त्याची बोटंही आखडत चालली होती. नजरेने अक्षरं निवडता येतील असा नवा प्रोग्रॅम ताईने शोधून काढला. पण त्याला एका लायब्ररीची, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या तयार भागाची, नवी आवृत्ती हवी होती. आवाजाचा प्रोग्रॅम मात्र जुन्या आवृत्तीवरच अडून बसलेला, आणि तो बनवणाऱ्यांनी केव्हाच हात झटकले होते.

ताई एका छापखान्याचे कॉम्प्युटर सांभाळायची. जुनी लायब्ररी काढून तिच्या जागी नवी बसवली की निम्मे प्रोग्रॅम उघडेनासे होतात, हे तिने तिथे पाहिलं होतं. सोबतचे सगळे आता घरून काम करायचे. ती मशीनच्या खोलीत एकटीच असायची, दिवसचे दिवस कुणाशी अक्षरही न बोलता. अडलं तर विचारणार कुणाला?

सुट्टीच्या दुपारी ती कामाला बसली. आधी धाकट्याचा आवाज आणि बाकीचं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं.

"माझा आवाज गेला तर?" धाकट्याने एकेक अक्षर दाबत मशीनकडून विचारलं.

"जुन्या लायब्ररीला मी बोटसुद्धा लावत नाही," ती म्हणाली. "नवी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते आणि फक्त नव्या प्रोग्रॅमला तिचा पत्ता देते. नाहीच जमलं तर फोल्डर पुसून टाकायचा."

नवा प्रोग्रॅम उघडेचना. तो अजून जुनीच लायब्ररी उचलत होता. पत्ता लिहिताना फोल्डरच्या नावातलं एक अक्षर गाळल्याचं तिच्या उशिरा लक्षात आलं. ते दुरुस्त केल्यावर पडद्यावर अक्षरं उमटली. मग तिने जीव मुठीत धरून आवाजाचा प्रोग्रॅम सुरू केला.

धाकट्याची नजर बराच वेळ अक्षरांवरून फिरत राहिली, आणि मग त्याच्याच आवाजात मशीन बोललं.

"ताई, घरी आलीस की माझ्या मशीनचंच विचारतेस. स्वतःचं काही सांगत नाहीस."

"सांगण्यासारखं असतं काय?"

"जे असेल ते."

ताईने खुर्ची त्याच्याजवळ ओढली. कामावर डबा आपण खिडकीपाशी उभ्यानेच खातो, हे तिने सांगितलं. समोरच्या इमारतीत रोज चारपाच जणी एकत्र जेवायला बसतात. त्यातली एक हसताना तोंडावर हात धरते. त्या कोण, कुठल्या, काही माहीत नाही. पण परवा त्या दिसल्या नाहीत तर घास घशाखाली उतरेना.

एवढं सांगतानाही ती दोनदा अडखळली. धाकट्याने पडद्यावरून नजर काढून तिच्याकडे वळवली होती, आणि ती तिथेच ठेवली.